क्लिक बंद कर

लाइव्ह साउंडच्या धंद्यात भजनापासून मेटलपर्यंत सगळं हाताखालून गेलंय, पण परवा पुण्यात रॉक बँडबरोबर ऑपेरा गाणाऱ्या गोव्याच्या बाई आल्या आणि माझी परीक्षाच लागली. गाणं होतं ‘बार्सिलोना’, ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आणि स्पेनची ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये यांचं, 1987 चं. पाचगणीत शिकलेल्या फ्रेडीचं आपल्याकडे कौतुक फार, पण 1988 साली खुद्द बार्सिलोनात त्या दोघांनी हे गाणं रेकॉर्डिंगवर ओठ हलवून सादर केलं होतं. आम्हाला ती सोय नव्हती.

साउंड चेकला बाई माइकपासून चांगल्या हातभर लांब उभ्या राहिल्या. ऑपेराची तालीमच मुळी माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची. तार सप्तकात गेल्या आणि गेन, म्हणजे माइकमधून आत येणाऱ्या आवाजाची पातळी, एवढा उतरवूनही मीटर लाल! लांबचा माइक ठेवावा तर त्यात ड्रम्स घुसतात. मग ड्रम्सपुढे ॲक्रिलिकचा पडदा लावला, गिटारचा ॲम्प फिरवला आणि बाईंच्या आवाजाला जागा मिळावी म्हणून तीन किलोहर्ट्झच्या आसपास गिटार थोडी कापली. गिटारवाला फुगला. फुगू दे.

खरी पंचाईत पुढेच होती. ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी टिकटिक, आणि लॅपटॉपवरची व्हायोलिन्स त्याच क्लिकला बांधलेली. बाई वरचा सूर लावून उभ्या, तोवर हा धाडकन पुढच्या ओळीत.

“मी थांबते तिथे तुम्ही का नाही थांबत?” बाईंनी शांतपणे विचारलं.

“दादा, क्लिक पुढे जातोय, मी काय करू?” ड्रमर माझ्याकडे बघून म्हणाला.

“तेवढ्यापुरता क्लिक बंद कर. त्यांच्या खांद्यांकडे बघ, श्वास घेतला की ये.”

“खांदे हलणार नाहीत माझे,” बाई हसल्या, “इथे बघ.” आणि बरगड्यांवर हात ठेवला.

व्हायोलिन्सचा ट्रॅक तिथे तोडला, कीबोर्डवाल्याने ते हाताने वाजवलं. त्यात कमीपणा कसला? मूळ गाण्यातही वाद्यवृंदाचा बराचसा भाग सहसंगीतकार माइक मोरान यांच्या कीबोर्डवरच झाला होता. पूर्ण ऑर्केस्ट्रा आला तो 2012 च्या नव्या आवृत्तीत.

रात्री बाईंनी तो सूर तालमीपेक्षा बराच लांबवला. ड्रमर काठ्या वर धरून, डोळे न हलवता बसलेला. बरगड्या फुलल्या आणि सगळे एकदम आले, असे की मी फेडरवरचा, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या पट्टीवरचा, हात काढून घेतला.

सामान आवरताना ड्रमर म्हणाला, “दादा, बाकीच्या गाण्यांनाही क्लिक काढू या का?”

“नको रे बाबा,” म्हटलं, “तुमचा गायक कधी श्वास घेतो ते त्यालाही ठाऊक नसतं.”