तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी फोर बाय फोर कॅम्पिंगसाठी कशी तयार करायची?

आमची टाटाची सफारी स्टॉर्म, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी फोर बाय फोर, कुठं थांबली की कुणीतरी येऊन विचारतंच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शाळेच्या फाटकाशी, भंडारदऱ्याला जाताना राजूरच्या चहाच्या टपरीवर. प्रश्न साधारण एकच असतो: "जुनी फोर बाय फोर घ्यायचीये, मुलांना घेऊन कॅम्पिंगला जायचंय. काय काय बसवून घेऊ?" विचारणाऱ्याच्या मनात तोवर यादी तयार असते. टपावरचा तंबू, विंच (अडकलेली गाडी ओढायची चरखी), दिव्यांची लांब पट्टी, मोठे टायर.

माझं उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात, पण ते मी मनापासून देते. पहिलं वर्षभर काहीही बसवू नका. कारखान्यातून निघाली तेव्हा गाडी जशी होती, तशी ती आधी परत करा. गाडीच्या किमतीच्या निदान एक तृतीयांश रक्कम त्यासाठी वेगळी काढून ठेवा. ती जमत नसेल तर त्याहून स्वस्त गाडी बघा, पण ही रक्कम सोडू नका. दहा वर्षं कुणीतरी चालवलेली, दोन टनांची गाडी मुलाबाळांना बसवून रात्री घाटात न्यायची आहे. तिचे ब्रेक, तिचं स्टिअरिंग, तिचं पाणी न तापणं, एवढंच तिथं कामाला येतं.

गाडी कुठली, हा त्याच्या आधीचा प्रश्न. मारुतीची जिप्सी मला फार आवडते. १९८५ साली आलेली ही गाडी हलकी आहे, चिखलातून अलगद निघते आणि कुठलाही मिस्त्री ती उघडू शकतो. पण तिच्या मागच्या सीट आडव्या, एकमेकींकडे तोंड करून असतात. महिंद्राच्या २०२० च्या आधीच्या थारचंही तेच. आडव्या सीटवर मुलाला खांद्यावरून येणारा पट्टा लावता येत नाही आणि पुण्याहून गुहागरपर्यंत मुलांना तसं बसवायला माझं मन धजत नाही. एकट्यादुकट्याला या दोन्ही गाड्या उत्तम. कुटुंबासाठी जुनी स्कॉर्पिओ फोर बाय फोर किंवा स्टॉर्म बघा. आम्ही स्टॉर्म घेतली, कारण तिला पुढं-मागं कॉइल स्प्रिंग आहेत, चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि मधल्या सीटवर तिघं नीट बसतात. ती पुण्यात बनायची, हेही एक कारण. उत्पादन थांबलं तरी नाना पेठेत आजही तिचे बरेचसे सुटे भाग मिळतात आणि ती आतून-बाहेरून ओळखणारे हात इथं आहेत.

दिल्लीच्या स्वस्त गाड्यांबद्दलही हमखास विचारतात. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात हरित लवादानं २०१५ साली मनाई केली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. त्यानंतर अशा कितीतरी गाड्या बाहेरच्या राज्यांत विकल्या गेल्या. त्यातल्या काही खरंच चांगल्या असतात, पत्रा कोरडा असतो. पण तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका आणि इथला रोड टॅक्स नव्यानं भरावा लागतो, तो हिशेबात धरा. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, पुढं पाच-पाच वर्षांनी पासिंग. तेरा वर्षांची गाडी घेताना दोन वर्षांनी काय करावं लागणार आहे, हे आधीच माहीत हवं.

आता गाडी बघायची कशी. आमच्या मिस्त्रींचं वाक्य मला फार पटलं होतं: "ताई, बॉनेट नंतर उघडू. आधी गाडी रॅम्पवर घ्या." इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, सडली असेल तर विषय संपला. किनाऱ्यालगत राहिलेल्या गाड्यांना खारी हवा आतून खाते. मिस्त्री छोट्या हातोडीनं चेसिसवर जागोजागी ठोकत जातात. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत, बद्द आला तर तिथं गंज मुरलेला. स्प्रिंग जिथं टेकतात त्या जागा आणि मागच्या चाकांवरची कमान विशेष बघायची. खालून नुकताच काळा रंग मारलेला दिसला तर मी त्या गाडीपासून दूर होते. विकायच्या आठवड्यात खालचा भाग रंगवायची गरज का पडली?

इंजिन थंड असताना चालू करायचं. आपण पोचायच्या आधीच मालकानं गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जायचं. ऑइल भरायचं झाकण काढून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला वायू गळून उलटा येतोय का, ते बघायचं. तिथून भसाभस धूर येत असेल तर इंजिनकाम जवळ आलं. अॅक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर काळा धूर जुन्या डिझेलला चालतो, सतत निळा मात्र नको.

फोर बाय फोर चालते का, हे तर बहुतेक लोक बघतच नाहीत. काही मालकांनी ते बटण कधी फिरवलेलंच नसतं. स्टॉर्मला पुढच्या चाकांची जोडणी विजेच्या मोटरनं होते आणि ती वर्षानुवर्षं न वापरल्यानं अडकते. मोकळ्या मातीच्या मैदानात न्या, फोर-हायला (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाका, हळू गोल फिरवा. मग थांबून, न्यूट्रल करून फोर-लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त ओढ). डॅशबोर्डवर नुसता दिवा लागणं पुरेसं नाही, पुढची चाकं खरंच ओढतायत का ते कुणाला तरी बाहेर उभं करून बघा. हे डांबरी रस्त्यावर करू नका. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि या गाड्यांना तो फरक सांभाळणारा मधला डिफरन्शियल नसतो, त्यामुळं कोरड्या रस्त्यावर सगळा ताण शाफ्ट आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीवर) येतो. पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही डिफरन्शियलचं आणि ट्रान्सफर केसचं ऑइल थोडं काढून बघायला सांगा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. गाडी कधीतरी ओढ्यातून गेली आणि नंतर कुणी लक्ष दिलं नाही, असा त्याचा अर्थ.

आम्ही गाडी घेतल्यावर कामांचा क्रम ठरवून घेतला होता, तोच मी सगळ्यांना सांगते. सगळ्यात आधी थांबणं: ब्रेकचे पॅड, कॅलिपर, ब्रेक ऑइल, आणि चाकांकडं जाणारे रबरी पाइप नवे. बाहेरून धड दिसणारे पाइप आतून फुगलेले असतात. मग वळणं: लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, शॉकअप. मग थंड राहणं: रेडिएटर उतरवून साफ, पाण्याचे सगळे होज नवे, थर्मोस्टॅट, बेल्ट, पंख्याचा क्लच. माळशेज चढताना एसी लावलेला, मागं सामान भरलेलं, बाहेर मे महिना. दहा वर्षांचा होज फुटतो तो अशाच वेळी. मग सगळी ऑइलं एकदम बदलणं, आधीच्या मालकानं काहीही सांगितलं तरी. एवढं झाल्यावर गाडी महिनाभर नुसती शहरात चालवली. पार्किंगमध्ये खाली पुठ्ठा टाकून ठेवायचो. कुठं थेंब पडतो, ऑइलचा की कूलंटचा, ते पुठ्ठ्यावर सकाळी कळायचं.

टायरसाठी मात्र हात आखडू नका. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, पावसात घसरतं. स्टेपनीचेही आकडे बघा, ती बहुतेकदा गाडीइतकीच जुनी असते. आम्ही कंपनीच्याच मापाचे, २३५/७० आर १६, ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि माती दोन्हीला चालणारे टायर घातले. चिखलाचे खडबडीत टायर दिसायला रांगडे, पण आपला नव्वद टक्के प्रवास डांबरावर होतो आणि ओल्या डांबरावर ते नीट थांबत नाहीत. माप वाढवलं की ब्रेकवर भार वाढतो, स्पीडोमीटर चुकतो, गाडी चढाला दमते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलंय. पुढचा लोखंडी बुलबार तर अजिबात नको. पादचाऱ्याला तो जीवघेणा ठरतो आणि धडकेचा धक्का थेट चेसिसवर नेतो, त्यामुळं एअरबॅग वेळेवर न उघडण्याचाही धोका असतो.

दिव्यांच्या पट्टीवर माझं मत जरा तीव्र आहे. मेअखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत भंडारदरा-घाटघर भागात काजवे येतात. त्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक असते. त्या झाडांवर टपावरून झोत टाकला की ती हाकच पुसली जाते. आम्ही ते लावलं नाही आणि लावणार नाही. हेडलाइटच्या काचा घासून स्वच्छ केल्या, वायरिंगचे जोड तपासले, रात्रीच्या घाटाला तेवढं पुरलं.

अडकलो तर? एक जाड पट्टा, दोन चांगल्या प्रतीच्या शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या), फावडं, जॅकखाली टाकायला लाकडी फळी आणि हवा भरायचा पंप. वाळूत किंवा मऊ मातीत टायरची हवा वीस पौंडांच्या आसपास उतरवली तर अर्धी कामं तिथंच होतात, रस्त्याला लागलं की परत भरायची. पट्टा फक्त चेसिसच्या हुकात अडकवायचा, बंपरला कधीच नाही, आणि ओढताना मुलांना लांब उभं करायचं. तुटलेला पट्टा किंवा सुटलेलं शॅकल माणसाचा जीव घेऊ शकतं. काळी माती ओली असेल तर फोर बाय फोरचा भरवसा धरू नका. ती टायरच्या नक्षीत भरून बसते आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतं. अशा वेळी आम्ही गाडी रस्त्यावर ठेवून चालत जातो. समुद्राच्या वाळूत आणि भाताच्या बांधांवर गाडी घालायची नाही, हा आमच्या घरचा नियमच आहे. भरती कुणासाठी थांबत नाही, आणि बांध कुणीतरी हातानं घातलेला असतो.

आता गाडीच्या आतलं. लोक याबद्दल सगळ्यात कमी विचारतात आणि सहल टिकते ती यावरच. आमच्याबरोबर सासूबाई येतात. त्यांच्यासाठी पहिली गोष्ट घेतली ती पाय ठेवायला एक मजबूत लाकडी चौरंग, कारण गाडी उंच आहे. दुसरी, पाठ टेकता येईल अशी घडीची खुर्ची. तिसरी, उभा छोटा तंबू आणि आत घडीचं कमोड. या तीन वस्तूंनी आमच्या कॅम्पिंगमध्ये जो फरक पडला, तो विंचनं कधी पडला नसता. घरातली बाई, मग ती साठीची असो की बारा वर्षांची, शौचाची सोय नीट नसेल तर रात्रभर पाणी पीत नाही. हे कुणी बोलून दाखवत नाही. दुसऱ्यांदा यायला नाही म्हणतात, एवढंच.

मागच्या दोन घडीच्या सीट मिटवून तिथं सामान भरतो. जड ते खाली आणि सीटच्या पाठीला चिकटून: पाण्याचे वीस लिटरचे कॅन, भांड्यांची पेटी. वरून पट्ट्यानं आवळून बांधायचं, कारण जोरात ब्रेक लागला की मोकळा कुकर थेट मुलांच्या डोक्याकडं येतो. टपावर फक्त हलकं, चटया आणि पांघरुणं. टपावरच्या तंबूचं वजन चांगलंच असतं, त्यानं गाडीचा तोल वर सरकतो, आणि रात्री शिडीवरून उतरणं सासूबाईंना जमणारं नाही. आम्ही जमिनीवरच्या तंबूत झोपतो.

तो तंबू पूर्ण बंद होणारा, खालून शिवलेला हवा. मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते आणि कित्येकदा चावल्याचं जाणवतही नाही. सकाळी बूट झटकल्याशिवाय कुणी पाय घालायचा नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून किती जीव वाचवले हे कोकणातल्या जुन्या माणसांना विचारा, म्हणजे विंचू किती गंभीर घ्यायचा ते कळेल. मुक्कामाच्या जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठं आहे, तिथं पोचायला किती वेळ लागतो आणि मोबाइलला रेंज कुठपर्यंत आहे, हे मी उजेड असतानाच विचारून ठेवते. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला हात जोडून सांगते: शेगडी, निखारे, गॅस यातलं काहीही तंबूत नेऊ नका आणि इंजिन चालू ठेवून एसीत झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही.

मुक्काम शक्यतो कुणाच्या तरी शेतात, त्यांना विचारून, पैसे देऊन. जेवणही त्यांच्याकडंच सांगतो, भाकरी आणि पिठलं. अभयारण्याच्या हद्दीत असाल तर नाक्यावर पावती फाडा आणि कुठं थांबायला परवानगी आहे ते तिथंच विचारा.

आमच्या गाडीचं पुढचं काम पुढच्या प्रोपेलर शाफ्टचे (पुढच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, बदलण्याचं आहे, थोडा खडखड आवाज येतोय. पावसाच्या आत करून घेणार आहोत. तोवर कुणाला गाडी खालून कशी दिसते ते बघायचं असेल तर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये या. घरची जुनी चटई घेऊन या, खाली झोपून बघावं लागेल.