चार इंच बर्फ

परवा आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तळ्याच्या काठावर उभी होते. माझ्या पाठीमागे तिला पांढरंशुभ्र पसरलेलं काहीतरी दिसलं. त्यावर दोन-तीन ट्रक, तंबू, स्टुलावर बसलेला एक म्हातारा. "केवढं मोठं मैदान गं!" ती म्हणाली. "आई, ते तळं आहे," असं सांगितल्यावर ती जरा वेळ गप्पच झाली. मग म्हणाली, "तू काठावरच थांब."

इथे अमेरिकेतल्या मिनेसोटात थंडीत तळी गोठतात आणि माणसं त्यांवर राहायलाच जातात म्हटलं तरी चालेल. इथलं मिल लॅक्स हे तळं पाचशे चौरस किलोमीटरहून मोठं आहे. ऐन थंडीत त्यावर मासे पकडणाऱ्यांच्या लाकडी खोल्यांचं गावच वसतं. पण ही माणसं बर्फावर पाय ठेवण्याआधी काय करतात ते फोटोत दिसत नाही, म्हणून हे लिहितेय.

शेजारचे आजोबा मला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा त्यांच्या हातात चक्क पहार होती. दोन पावलं टाकायची, पुढे पहार आपटायची. आवाज भरीव आला तर पुढचं पाऊल. थोडं आत गेल्यावर त्यांनी गिरमिटाने भोक पाडलं आणि त्यात पट्टी घालून जाडी मोजली. काचेसारखा, काळपट दिसणारा बर्फ पक्का. दुधाळ पांढरा दिसला तर त्याची ताकद निम्मीच धरायची. नवा, स्वच्छ बर्फ चार इंच असेल तर माणसाने चालावं, लहान गाडीला नऊ-दहा इंच हवा, असं इथलं सरकारी खातं सांगतं. आणि तेच खातं हेही सांगतं की कुठलाच बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो. आजोबा दर वीस-पंचवीस पावलांवर पुन्हा भोक पाडत होते, कारण एकाच तळ्यात इथे आठ इंच आणि तिथे दोन इंच असू शकतो. खाली झरा असेल, ओढा येऊन मिळत असेल, पुलाखाली पाणी वाहत असेल, तिथे बर्फ धरतच नाही. वर भुसभुशीत हिम साचलं तर ते गोधडीसारखं काम करतं, खालचा बर्फ जाड होऊ देत नाही आणि धोका झाकून टाकतं ते वेगळंच.

मोठ्या तळ्यांवर आणखी एक वैरी असतो, वारा. बर्फ चांगला जाड असतो, पण वाऱ्याच्या रेट्याने अख्खा तुकडा काठापासून सुटतो आणि मधे उघडं पाणी पडतं. इथल्याच अप्पर रेड लेकवर नोव्हेंबर 2022 मध्ये सुमारे दोनशे माणसं अशी अडकली होती. डिसेंबर 2023 मध्ये त्याच तळ्यावर पुन्हा शंभराहून जास्त. पायाखालचा बर्फ मोडलेला नव्हता, पण परतीची वाटच नाहीशी झाली होती. सगळ्यांना बाहेर काढलं, हे नशीब.

अ‍ॅरिझोनात तेवढं नशीब नव्हतं. तिथल्या वुड्स कॅन्यन लेकवर 26 डिसेंबर 2022 ला भारतातून आलेली तीन माणसं बर्फ फुटून बुडाली. ती बातमी मी दोनदा वाचली आणि रात्री झोप लागली नाही. आपल्याला पाण्याचं कळत नाही असं नाही. कोल्हापुरात राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की शेंबडं पोरही सांगतं, आता पंचगंगेकडे जायचं नाही. पण ते शहाणपण त्या नदीचं आहे. इथल्या बर्फापुढे आपण सगळेच नवखे.

गेल्या आठवड्यात माझा मावसभाऊ इथे शिकायला आला. मी गाडी लावेपर्यंत हा सेल्फीसाठी लाकडी धक्क्याजवळ उतरलासुद्धा. धक्का बर्फाने मोडू नये म्हणून लोक तिथे पाण्यात बुडबुडे सोडणारं यंत्र लावतात, त्यामुळे नेमका तिथलाच बर्फ पातळ राहतो. त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाणी तेवढंच होतं म्हणून निभावलं. पण त्याचा श्वास असा अडकला की मिनिटभर त्याला बोलताच येईना.

अख्खा माणूस पाण्यात पडला तर तोच पहिला मिनिट सांभाळायचा असतो. छाती धपापते, तोंडात पाणी जाऊ द्यायचं नाही, श्वास ताब्यात येईपर्यंत कडेला धरून तरंगायचं. नंतर हातपाय जेमतेम दहा मिनिटं साथ देतात. ज्या बाजूने आलो तिकडेच तोंड करायचं, कारण तिथल्या बर्फाने आपलं वजन पेललेलं असतं. पाय झाडत पोटावर वर सरकायचं आणि उभं न राहता लोळत लांब जायचं. काठावरच्याने धावत जायचं नाही. 911 ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन करायचा, लांबूनच दोरी किंवा फांदी टाकायची.

घरी आल्यावर त्याला गरम पाणी, कोरडे मोजे, आल्याचा चहा दिला. आजोबांनी त्याच्यासाठी दोन टोचे आणून दिले, लाकडी मुठीचे, मधे दोरी, गळ्यात घालायचे. पाण्यातून वर येताना बर्फात रोवायला. ते आता दाराशी त्याच्या जाकिटावरच लटकवलेत. मावशीला अजून यातलं काही सांगितलेलं नाही. रविवारी तोच फोन करून सांगणार आहे, मी शेजारी बसून.