वॉशिंग्टन, गेटिसबर्ग, रॉचेस्टर : गुलामगिरी आणि समानतेवरच्या भाषणांच्या जागा बघायला निघालेल्यांसाठी

अब्राहम लिंकन यांनी अमेरिकेच्या यादवी युद्धात काढलेली गुलामांच्या मुक्तीची मूळ घोषणा, म्हणजे मुक्तिघोषणा, दाखवतो म्हणून पैसे घेणाऱ्या सहलीला जाऊ नका. हे आधी सांगते, कारण बाकीचं सगळं तुम्ही स्वतःच्या पायांनी, जवळपास फुकटात आणि कितीतरी चांगलं बघू शकता.

वॉशिंग्टनहून निघणारी ‘ऐतिहासिक भाषणं आणि दस्तऐवज’ अशी दिवसभराची सहल मी आणि माझ्या मावसभावानं, म्हणजे दादानं, घेतली. माणशी १६५ डॉलर, जेवण आपलं, टिप वेगळी. जाहिरातीत तीन गोष्टींची हमी होती : लिंकन यांच्या सहीची मूळ मुक्तिघोषणा, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं ‘रांगेशिवाय’ दर्शन, आणि पेनसिल्व्हेनियात यादवी युद्धाची मोठी लढाई झाली त्या गेटिसबर्गला लिंकन उभे राहून बोलले ती नेमकी जागा. तिन्हींपैकी फक्त जाहीरनामा दिसला, आणि तो बघायला तिकीटच नसतं.

मुक्तिघोषणा १ जानेवारी १८६३ ची. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागारात, ती जपून ठेवली आहे. पाच पानं, साधा कागद, दोन्ही बाजूंनी मजकूर. उजेडानं ती खराब होते, म्हणून वर्षानुवर्षं ती मोजक्याच दिवसांपुरती बाहेर काढत आले आहेत. आम्ही गेलो तेव्हा ती बाहेर नव्हती. सहलीच्या मार्गदर्शकानं आम्हाला दुकानात नेलं, विकायला ठेवलेली छापील प्रत दाखवली आणि म्हणाला, ‘हीच ती.’ आमच्या गटात अटलांटाहून आलेल्या एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई होत्या. त्या केवळ या पाच पानांसाठी आल्या होत्या. त्या तिथेच बाकावर बसून राहिल्या. मला राग आला तो १६५ डॉलरांपेक्षा यासाठी जास्त. ती प्रत बाहेर नाही हे सहल विकणाऱ्याला आदल्या दिवशीही ठाऊक असणार. जाण्याआधी आर्काइव्ह्जची स्वतःची सूचना वाचा, इतर कोणाच्या शब्दावर जाऊ नका.

आर्काइव्ह्जमध्ये शिरायला पैसे लागत नाहीत. ऑनलाइन वेळ राखायची तर एक डॉलर, रांगेत उभं राहायची तयारी असेल तर तोही नाही. ‘रांगेशिवाय’ म्हणून आम्हाला जे विकलं ते हेच एका डॉलरचं आरक्षण होतं. दादा बाहेर येऊन फोनवर बघत म्हणाला, “अगं, हे तर आपण घरी बसून केलं असतं.”

आत गोल दालन आहे, अंधूक उजेडाचं. फोटो काढू देत नाहीत. १७७६ चा जाहीरनामा जवळपास पुसला गेला आहे. १८४१ ते १८७६ तो पेटंट ऑफिसच्या भिंतीवर उजेडात टांगलेला होता, त्याचा हा परिणाम. ‘सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत’ ही ओळ मला शोधूनही धड वाचता आली नाही. राज्यघटनेची पानं मात्र अजून ठसठशीत आहेत. गर्दी जाहीरनाम्यापाशी असते, तुम्ही राज्यघटनेच्या पहिल्या पानापाशी थांबा. वरच्या भागात प्रतिनिधी किती आणि कसे मोजायचे याचं कलम आहे : स्वतंत्र माणसं पूर्ण मोजायची आणि ‘इतर सर्व व्यक्तीं’चे तीन-पंचमांश धरायचे. त्या इतर व्यक्ती म्हणजे गुलाम. त्यांना मत नाही, पण त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्यांना जास्त जागा. पुढे पळून गेलेला माणूस मालकाला परत देण्याचं कलमही आहे. जाहीरनामा आणि ही घटना एकाच दालनात, काही पावलांच्या अंतरावर ठेवली आहे. इथे किमान तासभर उभं राहा. आम्हाला वीस मिनिटांत बाहेर काढलं, कारण बसला गेटिसबर्ग गाठायचं होतं.

बस मेरीलँडमधून जाताना मार्गदर्शकानं माइकवर सांगितलं की, १८६३ मध्ये लिंकन यांनी एका सहीनं सगळ्या गुलामांना मोकळं केलं. आम्ही ज्या रस्त्यावर होतो तिथेच हे विधान खोटं ठरतं. मुक्तिघोषणा फक्त संघराज्यातून फुटून बंड केलेल्या दक्षिणेतल्या प्रदेशांपुरती होती. मेरीलँड, डेलावेअर, केंटकी, मिसुरी ही संघराज्यात राहिलेली गुलामांची राज्यं तिच्यातून वगळली होती, आणि लुइझियाना व व्हर्जिनियाचे काही भागही. मेरीलँडमधल्या माणसांना नोव्हेंबर १८६४ पर्यंत, त्या राज्याची नवी घटना येईपर्यंत थांबावं लागलं. सगळ्या देशासाठी गुलामगिरी संपली ती १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीनं. मी उठून हे सांगितलं. उत्तर मिळालं, “बरोबर, पण वेळ कमी आहे.”

गेटिसबर्गला जायचं तर स्वतःची किंवा भाड्याची गाडी घ्या. वॉशिंग्टनहून थेट रेल्वे नाही. अंतर साधारण १३० किलोमीटर. रणभूमीचा परिसर आणि राष्ट्रीय दफनभूमी फुकट आहे. पैसे लागतात ते संग्रहालयाला, तिथल्या चित्रपटाला आणि मोठ्या गोलाकार चित्राला. परवानाधारक मार्गदर्शक तुमच्याच गाडीत बसून फिरवतात. चौघे असाल तर तोच खर्च सार्थकी लागेल.

सहलीच्या बसनं बहुतेक वेळ तोफांपाशी घालवला. मग दफनभूमीत लिंकन यांच्या अर्धपुतळ्याच्या स्मारकापुढे उभं करून सांगितलं, ‘इथेच ते भाषण झालं.’ स्मारकावरचा लेखच म्हणतो की भाषण तिथून सुमारे ३०० यार्डांवर झालं! आणि तो लेख ज्या जागेकडे बोट दाखवतो तीही आता वादात आहे. त्या दिवशीचे फोटो तपासणाऱ्या अनेक अभ्यासकांच्या मते व्यासपीठ कुंपणापलीकडे, शेजारच्या एव्हरग्रीन या गावच्या दफनभूमीच्या हद्दीत होतं. तेव्हा नेमक्या जागेचा हट्ट सोडा. कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी चाला आणि अर्धवर्तुळात मांडलेल्या थडग्यांपाशी थांबा. साडेतीन हजारांहून जास्त सैनिक तिथे आहेत, आणि कित्येक नुसत्या आकड्यांच्या लहान दगडांखाली, कारण त्यांची नावं कळलीच नाहीत.

१९ नोव्हेंबर १८६३ ला मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट होते, ते दोन तास बोलले. लिंकन दोनेक मिनिटं. सुरुवातीलाच त्यांनी सत्त्याऐंशी वर्षं मागे बोट दाखवलं, म्हणजे १७७६. राज्यघटना १७८७ ची. म्हणजे राष्ट्राचा जन्म त्यांनी समानतेच्या जाहीरनाम्याशी बांधला, तीन-पंचमांशांच्या करारनाम्याशी नाही. सकाळी ती दोन्ही पानं बघितली असतील तर हे गणित इथे अंगावर येतं. म्हणून क्रम आधी आर्काइव्ह्ज, मग गेटिसबर्ग असाच ठेवा. पण दोन्ही एका दिवसात करू नका.

ज्या गोष्टीसाठी मी पुन्हा गेटिसबर्गला जाईन ती सहलीत नव्हतीच. दुसऱ्या दिवशी दादाच्या गाडीनं परत गेलो तेव्हा लाँग लेनवरच्या लिंकन सेमेटरीत गेलो. गावातल्या कृष्णवर्णीयांची ही दफनभूमी. संघराज्याच्या बाजूनं लढलेले कृष्णवर्णीय सैनिक इथे पुरले आहेत, राष्ट्रीय दफनभूमीपासून वेगळे. १८६३ च्या त्या उन्हाळ्यात दक्षिणेचं सैन्य पेनसिल्व्हेनियात शिरलं तेव्हा त्यानं इथल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसांना धरून दक्षिणेत गुलाम म्हणून पाठवलं. गावातली अनेक घरं त्या भीतीनं रिकामी झाली होती. समानतेचं भाषण ज्या गावात झालं, त्याच गावात त्यासाठी लढलेल्यांना वेगळी जमीन मिळाली. इथे बस येत नाही. आम्ही होतो तेवढ्या वेळात दुसरं कोणी आलं नाही. चुकवू नका.

पिकेटच्या हल्ल्याचं, म्हणजे त्या लढाईत दक्षिणेच्या सैन्यानं केलेल्या शेवटच्या मोठ्या चढाईचं, मैदान म्हणजे जवळपास मैलभर उघडं रान, सावलीचा पत्ता नाही, गवतात गोचिड्या. लढाईची आवड असेल तर चाला. भाषणासाठी आला असाल तर ते बळ दफनभूमींसाठी राखा.

वॉशिंग्टनमधला लिंकन मेमोरियलचा दिवस सुरेख गेला, त्याबद्दल फार सांगायची गरज नाही. दक्षिणेच्या भिंतीवर गेटिसबर्गचं भाषण, उत्तरेच्या भिंतीवर मार्च १८६५ चं दुसऱ्या शपथविधीचं. लोक पहिलं वाचून निघतात. दुसरं पूर्ण वाचा. चाबकाच्या रक्ताच्या प्रत्येक थेंबाची भरपाई तलवारीच्या रक्तानं व्हायची असेल तर तोही ईश्वराचा न्याय, असं विजयाच्या उंबरठ्यावरचा राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या जनतेला सांगतो. खाली उतरताना पायऱ्यांच्या टप्प्यावर २८ ऑगस्ट १९६३ ला मार्टिन ल्यूथर किंग उभे होते ती जागा कोरलेली आहे. दगड कोरडा असला की अक्षरं दिसत नाहीत. थोडं पाणी शिंपडलं की उमटतात. याच वास्तूचं १९२२ साली लोकार्पण झालं तेव्हा कृष्णवर्णीय श्रोत्यांना वेगळं बसवलं होतं, आणि रॉबर्ट मोटन या एकमेव कृष्णवर्णीय वक्त्याच्या भाषणातला मजकूर आधीच कापला होता. हे लक्षात ठेवून तो दगड बघा.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे ते. वेळ कमी असेल तर गेटिसबर्ग सोडा, पण वॉशिंग्टनमधलं कॅपिटलच्या, म्हणजे संसद भवनाच्या, पूर्वेचं लिंकन पार्क आणि नदीपलीकडच्या अनाकोस्टियातलं फ्रेडरिक डग्लस यांचं घर सोडू नका. डग्लस म्हणजे गुलामगिरीतून पळून सुटलेले आणि तिच्याविरुद्ध बोलत राहिलेले मोठे वक्ते.

लिंकन पार्कमध्ये उभे लिंकन आणि त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसलेला, बेड्या तुटलेला माणूस असा पुतळा आहे. बघताना जीव अवघडतो. पैसे मुक्त झालेल्या गुलामांनी जमवले. पहिले पाच डॉलर शार्लट स्कॉट या बाईंनी दिले. पण आकार कसा असावा हे त्यांना कोणी विचारलं नाही. १४ एप्रिल १८७६ ला अनावरणाच्या वेळी राष्ट्राध्यक्ष ग्रँट समोर बसलेले असताना डग्लस यांनी गोऱ्या श्रोत्यांना सांगितलं की, लिंकनची खरी लेकरं तुम्ही, आम्ही फार तर सावत्र. निखळ गुलामगिरीविरोधाच्या बाजूनं पाहिलं तर लिंकन मंद आणि थंड वाटतात, देशाच्या तेव्हाच्या मनाशी ताडून पाहिलं तर वेगवान आणि निर्धारी, असा तोल त्यांनी कृतज्ञतेच्या समारंभात धरला. मी ते भाषण बाकावर बसून मोठ्यानं वाचलं. याच्या तीन वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतिराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली होती, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्षतेबद्दल. पुण्यातून त्यांना जे दिसत होतं ते आणि डग्लस यांना त्या चौथऱ्यापाशी जे दिसत होतं ते, दोन्ही त्या संध्याकाळी माझ्या मनात एकत्र होतं, आणि मला तिथून उठवेना.

डग्लस यांचं सीडर हिल हे घर टेकडीवर आहे. अनाकोस्टिया मेट्रोपासून चालत वीसेक मिनिटं, शेवटी चांगल्या पायऱ्या. घरात फक्त रेंजरबरोबरच, म्हणजे तिथल्या सरकारी मार्गदर्शकाबरोबरच, जाता येतं. प्रवेश फुकट, आरक्षणाला नाममात्र शुल्क. आमची रेंजर प्रत्येक प्रश्नाला थांबून उत्तर देत होती. खोलीत त्यांचे डंबेल्स आहेत, मागे एकांतात लिहिण्याची दगडी कोठडी आहे आणि अंगणातून कॅपिटलचा घुमट दिसतो. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेला माणूस म्हातारपणी रोज तो घुमट बघत होता. सहलींच्या बस नदीच्या या बाजूला फिरकत नाहीत. भाग बरा नाही, जाऊ नका, असं आम्हालाही सांगितलं होतं. दिवसाढवळ्या बिनधास्त जा.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरबद्दल माझं मत कडक आहे, आणि त्यात थकव्याचा वाटा आहे. गेटिसबर्गहून १५ क्रमांकाच्या रस्त्यानं उत्तरेला, पाच-साडेपाच तास. ५ जुलै १८५२ ला कोरिंथियन हॉलमध्ये, महिलांच्या गुलामगिरीविरोधी संस्थेपुढे, डग्लस म्हणाले होते : हा चार जुलै तुमचा आहे, माझा नाही; तुम्ही आनंद करा, मला शोक करायचा आहे. तो हॉल आज नाही. कोरिंथियन स्ट्रीट नावाची लहान गल्ली आहे आणि गाड्या लावायची जागा. पाऊस पडत होता, आम्ही दहा मिनिटं उभे राहिलो. फक्त या गल्लीसाठी जाऊ नका. माउंट होप दफनभूमीत डग्लस यांची समाधी आहे, बायकांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुझन अँथनी यांचीही. रस्ते चढउताराचे आहेत, नकाशा घेऊन शिरा. तिथे मात्र प्रवास वसूल झाला. जाणारच असाल तर एका दमात गाडी हाणू नका. विल्यम्सपोर्टला रात्र काढा, सकाळी निघा आणि आधी माउंट होप करा, गल्ली नंतर.