विनाचालक गाडीच्या कंपनीत सीईओ बदलला की काय तपासावं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात इंजिनिअरिंग करून बेंगळुरू-पुण्याला गेलेली अनेक मुलं आज गाड्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करतात. कोणी कॅमेऱ्याच्या चित्रांवर खुणा करतं, कोणी ब्रेकच्या चाचण्या चालवतं. काम इथे, मालक कॅलिफोर्नियात. तिकडचा सीईओ गेल्याची बातमी आली की घरून फोन येतो, ‘नोकरी राहील ना?’ नव्या सीईओचं नाव वाचून याचं उत्तर मिळत नाही. रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या एका शब्दावर थांबवण्याचा अधिकार कंपनीत कोणाला आहे आणि त्या जागेवर कोण आलं, कोण गेलं, ते आधी शोधावं.

क्रूझ या विनाचालक टॅक्सी चालवणाऱ्या अमेरिकी कंपनीचं प्रकरण यासाठी तारखांसकट वाचावं. काईल व्होग्ट यांनी २०१३ मध्ये कंपनी काढली, २०१६ मध्ये जनरल मोटर्सने (जीएम) ती विकत घेतली. २०१९ च्या सुरुवातीला जीएमचे डॅन अमान सीईओ झाले. डिसेंबर २०२१ मध्ये ते बाहेर पडले आणि सूत्रं पुन्हा व्होग्ट यांच्याकडे आली. ऑगस्ट २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भाडं घेऊन चोवीस तास प्रवासी नेण्याची परवानगी मिळाली. २ ऑक्टोबरच्या रात्री माणूस चालवत असलेल्या दुसऱ्याच गाडीने एका पादचारी महिलेला उडवलं आणि ती क्रूझच्या गाडीपुढे येऊन पडली. गाडीने ब्रेक लावला, पण धडक झालीच. गाडी थांबली. पण ही धडक बाजूने बसली, असा चुकीचा निष्कर्ष सॉफ्टवेअरने काढला. तशा धडकेनंतर रहदारीतून बाजूला होऊन कडेला उभं राहायचं, असं त्यात ठरलेलं होतं. गाडी पुन्हा निघाली आणि खाली अडकलेल्या महिलेला सुमारे २० फूट फरफटत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांना व्हिडिओ दाखवताना नेटवर्क अडखळत होतं. फरफटण्याचा भाग कोणी तोंडी सांगितला नाही. व्हिडिओ दाखवला की काम झालं, अशी समजूत होती. जीएम आणि क्रूझने नेमलेल्या वकिलांच्या संस्थेने जानेवारी २०२४ च्या अहवालात हे नोंदवलं आणि खराब नेतृत्व व नियामकांकडे शत्रूसारखं पाहण्याची वृत्ती यांवर बोट ठेवलं. तोवर बरंच होऊन गेलं होतं. २४ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाने विनाचालक परवाने स्थगित केले. नोव्हेंबरमध्ये ९५० गाड्यांचं सॉफ्टवेअर रिकॉल झालं, म्हणजे दुरुस्तीसाठी मागे घेतलं गेलं, १९ नोव्हेंबरला व्होग्ट यांनी राजीनामा दिला. डिसेंबरमध्ये नऊ वरिष्ठ अधिकाऱ्यांना काढलं आणि जवळजवळ पाव कर्मचारी घरी गेले.

क्रम पाहा. आधी परवाना गेला, मग सीईओ गेला, मग माणसं गेली. जून २०२४ मध्ये मार्क व्हिटन यांचं नाव नवे सीईओ म्हणून जाहीर झालं तेव्हा वरवर घडी बसली असं वाटत होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जीएमने रोबोटॅक्सीचा, म्हणजे विनाचालक टॅक्सीचा, पैसाच बंद केला. १० अब्ज डॉलरहून जास्त खर्च आधीच झाला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये उरलेल्यांपैकी सुमारे निम्मे लोक कमी झाले, त्यांत व्हिटनही होते. नवा सीईओ आला म्हणून निश्चिंत होऊन रुजू झालेल्याला आठ महिनेही मिळाले नाहीत. म्हणून मूळ कंपनीचे तिमाही निकाल आणि परवान्याची स्थिती या दोन गोष्टी आधी वाचाव्यात, नेमणुकीची बातमी नंतर.

येणाऱ्या माणसाच्या पूर्वानुभवावरून संचालक मंडळाची चिंता ओळखता येते. व्होग्ट गेल्यावर क्रूझचा कारभार दोन सहअध्यक्षांकडे गेला: एक इंजिनिअरिंगचे मो एल्शेनावी, दुसरे जीएमचे कायदाप्रमुख क्रेग ग्लिडन. वकील पुढे आला याचा अर्थ पहिली लढाई परवान्याची होती. गूगलच्या विनाचालक गाडीच्या प्रकल्पात (पुढे त्याचीच वेमो ही कंपनी झाली) २०१५ साली ह्युंदाई मोटर अमेरिकेचा कारभार पाहिलेले जॉन क्रॅफसिक आले, तेव्हा ओढ गाडी-कंपन्यांशी करार करण्याकडे होती. एप्रिल २०२१ मध्ये ते गेले आणि दोन सहसीईओ नेमले गेले. टेकेड्रा मावाकाना कायदा व धोरणाच्या बाजूने आलेल्या, दिमित्री डोल्गोव्ह २००९ पासून या प्रकल्पावर काम करणारे इंजिनिअर. दोघंही आतलेच. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये कोणता आकडा (उदाहरणार्थ ब्रेक केव्हा लावायचा) का ठेवला आहे, हे ठाऊक असलेला माणूस वरच राहिला. आतून झालेली नेमणूक मला नेहमी जास्त भरवशाची वाटते, ती याच कारणाने.

अशा कंपनीत माणूस गेला की नेमकं काय हरवतं? कोड राहतो, आकडे राहतात. त्यांमागची कारणं जातात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या सीएनसी शॉपमध्ये (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात) मशीन लावून देणारा जुना सेटर सोडून जातो, ०.०२ मिमीचा ऑफसेट मशीनमध्ये तसाच राहतो. काम पकडणाऱ्या चकचा जबडा झिजला होता म्हणून तो दिला होता, हे कुठेच लिहिलेलं नसतं. नवा सेटर तो शून्य करतो आणि अख्खा लॉट रिजेक्ट होतो.

उबरच्या विनाचालक विभागात काय झालं ते याच नजरेने वाचावं. २०१७ हे तिथलं उलथापालथीचं वर्ष. विभागप्रमुख अँथनी लेवांडोव्स्की बाजूला झाले आणि नंतर काढले गेले, कंपनीचे सीईओ ट्रॅव्हिस कॅलनिकही पायउतार झाले. त्याच वर्षी शरद ऋतूत चाचणीच्या गाडीत दोनाऐवजी एकच ऑपरेटर (गाडीवर लक्ष ठेवणारा माणूस) ठेवायचं ठरलं. १८ मार्च २०१८ ला ॲरिझोनातल्या टेंपी इथे सायकल ढकलत रस्ता ओलांडणारी महिला गाडीखाली आली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात दिसलं की यंत्रणेने तिला ५.६ सेकंद आधीच टिपलं होतं. पण कधी वाहन, कधी ‘इतर’, कधी सायकल अशी ओळख बदलत राहिली. ओळख बदलली की मागच्या हालचालीची नोंद बाजूला पडायची, म्हणून ती आपल्या वाटेत येते आहे हा अंदाज वेळेत बांधलाच गेला नाही. खोटे ब्रेक लागू नयेत म्हणून धोका कळल्यावरही एक सेकंद थांबायची सोय ठेवलेली होती. गाडी व्होल्वोची होती, तिचं मूळ आपत्कालीन ब्रेकिंग बंद होतं. ऑपरेटरचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. नेतृत्वबदलामुळेच अपघात झाला असं म्हणणं चूक ठरेल. पण यातला प्रत्येक निर्णय सुटा घेतला तर त्याला काही ना काही कारण होतं, आणि ते सगळे एकत्र मांडून पाहणारा सुरक्षेचा स्वतंत्र विभाग तिथे नव्हता, हे तपासात स्पष्ट झालं.

तुम्ही चाचणी विभागात असाल आणि वरचा माणूस जाणार असं कळलं, तर तो असेपर्यंत प्रत्येक महत्त्वाच्या मर्यादा-आकड्यासाठी एक ओळ लिहून घ्या. आकडा आणि त्याचं एकक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, कोणत्या चाचणीवरून किंवा घटनेवरून तो ठरला, वाढवला तर काय बिघडतं, कमी केला तर काय, बदलायला कोणाची सही लागते. शेवटचा रकाना रिकामा राहत असेल तर तिथेच थांबा आणि आधी तो भरून घ्या. बदलाच्या काळात नवे आकडे गाडीत चढवणं थांबवावं. चढवावेच लागले तर नोंदवून ठेवलेल्या जुन्या प्रसंगांचा पूर्ण संच आधी आणि नंतर चालवून दोन्ही निकाल शेजारी ठेवावेत. एकूण सरासरी सुधारली एवढं पाहून सही करू नये. आधी पास होणारा एखादा प्रसंग आता नापास होतो का, ते शोधावं.

बाहेरून पाहणाऱ्यालाही बरंच दिसतं. कॅलिफोर्नियात परवान्याचे तीन टप्पे आहेत: चालकासह चाचणी, विनाचालक चाचणी आणि प्रत्यक्ष वापर. भाड्याने प्रवासी नेण्यासाठी राज्याच्या दुसऱ्या आयोगाची परवानगी वेगळी. धडक झाली की दहा दिवसांत मोटार वाहन विभागाला अहवाल द्यावा लागतो आणि ते अहवाल कोणालाही वाचता येतात. सीईओ बदलल्यावर पुढचे सहा महिने ते वाचत राहावं. गाडी चालण्याच्या अटी बदलल्या का, तेही पाहावं: धुकं, पाऊस, रात्र, वेगमर्यादा, शहराचा भाग. अटी काही काळ आवळल्या तर मी ते चांगलं लक्षण मानतो. नव्या माणसाने येताच त्या सैल केल्या तर मात्र काळजी वाटते.

परवाने राज्यागणिक बदलतात. डिसेंबर २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाने उबरच्या १६ चाचणी-गाड्यांची नोंदणी रद्द केली, तर कंपनी गाड्या घेऊन ॲरिझोनात गेली. गाडी तीच, नियम दुसरे. कोगनोळीचा नाका ओलांडला की केए-२३ चं एमएच-०९ होतं आणि कागदपत्रांचं काय होतं, हे सीमाभागात कोणाला सांगायला नको. म्हणून ‘परवाना आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. कोणत्या राज्याचा आणि कोणत्या टप्प्याचा, ते विचारा.

भारतात विनाचालक गाड्या येऊ देणार नाही, असं नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सांगितलं, कारण चालकांच्या नोकऱ्या. त्यामुळे इकडचं बरंचसं काम चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांचं आहे, उदाहरणार्थ आपोआप लागणारा ब्रेक. तिथेही नवा प्रमुख आला की पहिली तक्रार त्याच्या टेबलावर येते ती उगाच लागणाऱ्या ब्रेकची, आणि मर्यादा ढिली करणं, म्हणजे ब्रेक सहजासहजी लागू न देणं, हा सर्वांत सोपा उपाय असतो.

मुलाखतीत म्हणूनच संकेश्वर-निपाणी भागातल्या ऊस हंगामाचा प्रसंग मांडावा. रात्री ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, बाहेर लोंबणाऱ्या उसाने रिफ्लेक्टर झाकलेला. ट्रॉली बंद पडून रस्त्यातच उभी. पूल आणि कमानींमुळे खोटे इशारे येऊ नयेत म्हणून अनेक रडार यंत्रणांत स्थिर वस्तूंकडे कमी लक्ष दिलं जातं, आणि ट्रकच्या पाठीवर शिकवलेल्या कॅमेऱ्याला उसाचा ढीग वाहन म्हणून ओळखू येईलच असं नाही. ही ट्रॉली तुमच्या चाचणी-संचात आहे का, ब्रेकची मर्यादा ढिली करण्याच्या कागदावर कोणाची सही लागते, आणि विक्री विभागाला तारीख गाठायची असताना तो माणूस ‘नाही’ म्हणाला तर निर्णय कोणाचा टिकतो, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून माणसाचं पद न सांगता ‘आम्ही टीम म्हणून ठरवतो’ असं सांगितलं, तर ऑफर लेटरवर सही करण्याआधी आणखी दोन ठिकाणी अर्ज करून ठेवावा.