पौर्णिमेकडून अमावास्येकडे : आमची वाटचाल

सोलापुरात यात्रेच्या गाड्या चालवणाऱ्याला अमावास्या म्हणजे सुट्टीचा दिवस. त्या दिवशी लांबच्या प्रवासाला कोणी निघत नाही. पौर्णिमेला मात्र गाणगापूरसाठी गाड्या कमी पडतात. आमचा धंदाही बरीच वर्षं पौर्णिमेवरच चालला. आता निम्मा अमावास्येवर, म्हणजे अंधाऱ्या रात्री तारे दाखवायच्या सहलींवर चालतो.

वडील यंत्रमागावर होते. माग बंद झाल्यावर आम्ही दोघा भावांनी कर्ज काढून एक टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर अशा फेऱ्या सुरू केल्या. मग शाळांच्या सहली आल्या. त्यातल्या एका शाळेच्या विज्ञानाच्या सरांनी एकदा वेगळीच मागणी केली: मुलांना रात्रभर माळावर न्यायचंय, पण उजेड नको. हे सर तरुणपणी १६ फेब्रुवारी १९८० चं खग्रास सूर्यग्रहण बघायला रेल्वेने रायचूरला गेले होते. भर दुपारनंतर आकाशात ग्रह दिसल्याचं ते अजूनही काल घडल्यासारखं सांगतात.

नान्नज म्हणजे माळढोक अभयारण्य, हे सोलापूरकरांना माहीत आहे. अभयारण्यात रात्री जायचा प्रश्नच नव्हता. त्या बाजूच्या एका शेतकऱ्याचं रान आम्ही ठरवलं. सरांनी दुर्बीण आणली, आमच्याकडून जनरेटर, सतरंज्या आणि पिठलं-भाकरी. आपला भाग पर्जन्यछायेतला. पावसाच्या नावानं बोंब असली तरी दिवाळीपासून मेपर्यंत आकाश बहुतेक मोकळं. वर्षभरात सरांच्या मागे लागून आम्हीही एक आठ इंची दुर्बीण घेतली.

त्या रानाचे मालक पहिल्या रात्री आमच्यात येऊन बसले. सरांनी मृग नक्षत्र दाखवल्यावर म्हणाले, ‘‘अन् मग मृगाचा पाऊस पडतो तवा हे कुठं असतं?’’ सर खूश झाले. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो. सूर्याच्या पाठीमागचे तारे दिसणार कसे? ज्या नक्षत्रावर पेरणी ठरते ते नेमकं पेरणीच्या वेळी आकाशात दिसत नाही. सरांपुढे आयुष्यभर शिकवलेली मुलं असली तरी इतका सरळ प्रश्न त्यांना फार कमी वेळा आला असावा.

नान्नजला येणारी मोठी माणसंच पुढे विचारू लागली, ‘‘अण्णा, डोंगरात नेता का? तिकडं आकाश लई मोठं म्हणे.’’ तेव्हा लडाखमधलं हानले ठरलं. तिथे सुमारे ४,५०० मीटर उंचीच्या डोंगरावर भारतीय खगोल वेधशाळा आहे. बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची दोन मीटर आरशाची हिमालयीन चंद्रा दुर्बीण तिथे २००० सालापासून आकाश बघते, आणि ती बंगळूरजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाते. २०२२ च्या डिसेंबरात लडाख प्रशासनाने त्या परिसराला अंधार राखण्यासाठी संरक्षण दिलं. गावातल्या तरुण-तरुणींना संस्थेने शिकवून दुर्बिणी दिल्या आहेत. आमची आठ इंची विमानातून नेणं परवडत नाही, त्यामुळे आम्ही फक्त १० × ५० च्या द्विनेत्री (बायनॉक्युलर) नेतो आणि दुर्बिणीसाठी गावातल्याच मुलांना पैसे देतो. ते बरोबरही वाटतं.

एक गोष्ट आम्ही बुकिंगच्या वेळीच सांगतो. हानलेत आकाश ‘जास्त’ नसतं. उलट सोलापूर १७-१८ अक्षांशावर आणि हानले जवळजवळ ३३ वर, म्हणून दक्षिणेकडचं बरंच तिथून दिसत नाही. आपल्या माळावरून वीसेक अंश वर चढणारा अगस्तीचा तारा तिथे जेमतेम साडेचार अंश वर येतो, म्हणजे डोंगराआडच राहतो. आकाशगंगेचा धनू राशीतला मधला भागसुद्धा सोलापुरातून अधिक उंच येतो. डोंगरात वेगळं काय मिळतं, तर अंधार आणि विरळ, कोरडी हवा. बाष्प आणि धूळ आपल्या खाली राहते, तारे कमी लुकलुकतात, आणि आकाशगंगा शोधावी लागत नाही. म्हणून आमचा नियम असा, की हानलेला यायचं तर आधी एक रात्र नान्नजच्या माळावर काढायची. सप्तर्षी, स्वाती, चित्रा, ज्येष्ठा ओळखता येऊ लागले की मग डोंगरात गेल्यावर हजारो ताऱ्यांत माणूस हरवत नाही.

सहल आखताना आम्ही आधी पंचांग उघडतो, मग नकाशा. आमच्या हिशेबात हानलेत तीन रात्री हव्यात: वद्य त्रयोदशी, चतुर्दशी आणि अमावास्या. त्यावरून उलटं मोजायचं. थेट विमानाने लेहला उतरणं सोपं असतं, पण ४५७ मीटरवरच्या माणसाला एकदम ३,५०० मीटरवर सोडणं आम्हाला पसंत नाही, त्यातून आमचे निम्मे लोक साठीच्या पुढचे. म्हणून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, तिथून श्रीनगर, मग रस्त्याने कारगिलला मुक्काम (सुमारे २,७०० मीटर), लेहला दोन रात्री, चुमाथांगला गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी एक, आणि मग हानले. म्हणजे सोलापूर सोडायचं वद्य षष्ठीला. ‘‘अमावास्येला कोण घर सोडतं?’’ असं विचारणाऱ्या काकूंना आम्ही हेच सांगतो: तुम्ही षष्ठीला निघताय, अमावास्येला तर तुम्ही पोहोचलेल्या असता.

पण अमावास्येचं त्रांगडं तेवढ्याने सुटत नाही. हानलेसाठी आमच्या मते सर्वांत चांगली अमावास्या सर्वपित्रीची. पावसाळी ढग सरलेले, थंडी अजून सोसण्याजोगी, आणि अंधार पडताच आकाशगंगा समोर, दहाच्या सुमारास देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी) बरीच वर, म्हणजे वयस्कर मंडळींना पहाटेपर्यंत जागायला नको. पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर असलेली दीर्घिका साध्या डोळ्यांनी दिसते, हे जेवून झोपायच्या आधीच पाहून होतं. नेमका तेव्हा पितृपंधरवडा. त्या पुढची लक्ष्मीपूजनाची, तेव्हा दुकानदार हलत नाही. त्या आधीची पिठोरी, तर गणपती दाराशी. उरते मे महिन्यातली, तिथे शाळेच्या सुट्टीमुळे कुटुंबं येतात. पण मेमध्ये वृश्चिक-धनू बघायला मध्यरात्र उलटावी लागते. पितृपक्षात आता काही निवृत्त जोडपी येऊ लागली आहेत. वडिलांची तिथी ज्यांची पक्षाच्या सुरुवातीला येते, ते श्राद्ध उरकून निघतात. नोंदणीच्या कागदावर आम्ही आता तिथीही विचारून घेतो!

जेवणाचं खातं आमच्या वहिनींकडे आहे. हानले गावात, सुमारे ४,३०० मीटरवर, पाणी सुमारे ८६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. कडक भाकरी आणि शेंगा चटणी मात्र तिथेही तशीच राहते, आणि भूक मेलेल्या माणसाला तीच गोड लागते. सोलापुरी चादर सवयीने प्रत्येक जण आणतो. ती गुडघ्यांवर घ्यायला बरी, थंडीला तिचा काही उपयोग नाही.

आपल्याकडचं प्रीपेड सिम लडाखात चालत नाही, हे आधी लेखी कळवतो. आत जायचं परमिट आम्ही काढतो. रक्तदाब, दमा, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांचं पत्र लागतं, उंचीवरच्या गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने. डोकं दुखतंय, उलट्या होताहेत असं कोणी म्हणालं की त्याला खाली न्यायचं, अमावास्या असो वा नसो. यावर आम्ही वाद घालत नाही.

वाद होतो तो उमलिंग ला खिंडीवरून. एकोणीस हजार फुटांवरचा रस्ता, पाटीसोबत फोटो, प्रत्येक गटात दोघं तरी मागे लागतात. दिवसभर तिथे जाऊन आलेला माणूस रात्री नऊला घोरतो. ज्यांना फोटो हवा त्यांनी दुसरी कंपनी बघावी, असं भाऊ तोंडावर सांगतो. मी जरा गोड भाषेत सांगतो. दुसरी मागणी तांबड्या ध्रुवीय प्रकाशाची. १०-११ मे २०२४ च्या सौर वादळात हानलेतल्या कॅमेऱ्यांनी तो टिपला, तेव्हापासून लोकांना वाटतं तो रोजचा आहे. तसलं वादळ आमच्या पत्रकात छापता येत नाही.

रात्रीचे नियम थोडेच. गाडीचे दिवे बंद, मोबाइलवर लाल जिलेटीन, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका व्हॉट्सॲपने ती वाया जातात. हे नियम गावाचेही आहेत.

आणि ढग. तीन रात्री ठेवण्याचं खरं कारण तेच. तिन्ही रात्री ढगाळ गेल्या असंही घडलंय. ढगांचे पैसे परत मिळत नाहीत, हे कराराच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आहे. गेल्या खेपेला चाटी गल्लीतल्या एका कापड दुकानाच्या मालकांनी ते पान वाचून दोन रात्री ढग आले तर दोन तृतीयांश परत, असा भाव केला. आम्ही नाही म्हणालो. त्यांनी चहा संपवला, चौघांची आगाऊ रक्कम भरली आणि पावतीवर ‘वाटाघाट चालू’ असं स्वतःच्या हाताने लिहून घेतलं.