ह्यात चूल न्हाई

सदाशिव पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी आमचा जुना 'क्रॉनिक स्पॉट' होता, म्हणजे पुन्हा पुन्हा कचरा साचणारी जागा. कचऱ्याचा कंटेनर तिथून कधीच उचलला होता, पण पिशव्या पडायच्या थांबल्या नव्हत्या. झाडणकामाच्या बायका सकाळी जागा लख्ख करत, रांगोळीही काढत आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्याच रांगोळीवर नवा ढीग. फलक लावला, दंडाच्या पावत्याही फाडल्या. पण सापडायचा तो जाता-जाता भेळेचा कागद टाकणारा. ढीग कोणाचा, ते कळत नव्हतं.

मी या भागाची आरोग्य निरीक्षक. एके सकाळी आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणी, हजेरी झाल्यावर मुकादमांना म्हटलं, आज ढीग लगेच भरायचा नाही, आधी उघडून बघायचा. दारोदार कचरा घेणाऱ्या मावशींनाही बोलावलं. त्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या जुन्या सभासद. 1993 मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तेव्हापासून त्या संघटनेत आहेत. 2008 मध्ये महापालिकेने 'स्वच्छ'शी करार केला आणि त्यांचं उकिरडे धुंडाळणं सुटून घरोघरचं काम सुरू झालं. कचरा बघण्याची त्यांची नजर माझ्याकडे नाही, म्हणूनच त्या हव्या होत्या.

मावशींनी हातमोजे चढवले, चार-पाच पिशव्या उलट्या केल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, ह्यात चूल न्हाई."

"म्हणजे?"

"भाजीची सालं कुठायत? चहाचा चोथा न्हाई, अंड्याचं टरफल न्हाई. सगळं पार्सलचं. ही बिऱ्हाडं न्हाईत, पोरं हायेत."

नंतर आम्हालाही दिसायला लागलं. मेसच्या भाजीच्या पातळ पिशव्या, नूडल्सचे कप, चालू घडामोडींच्या झेरॉक्स, सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका. स्पर्धा परीक्षेची मुलं! बोळातल्या जुन्या इमारतीत कॉट बेसिसवर राहणारी.

आम्ही तिघं वर गेलो. एका खोलीत सहा कॉट, आणि खोलीवर एकच मुलगा, तोही तापाने पडलेला म्हणून सापडला. परभणीकडचा. घाबरून उठून बसला. दंड करायला आलो नाही, एवढं आधी सांगितलं, मग बोलला. "मॅडम, अभ्यासिकेत जागा धरायला सहालाच निघावं लागतं. परत यायला रात्रीचे अकरा. मावशी बोळात येतात साडेआठला. जिन्यात पिशवी ठेवली तर मालक ओरडतात, खोलीत ठेवली तर उंदीर होतात."

मालकांना तिथूनच फोन लावला. ते कोथरूडला राहतात. महिन्याचं कचऱ्याचं शुल्क मुलांनी द्यावं, असं त्यांचं म्हणणं. मुलं दर परीक्षेनंतर बदलतात, मग शुल्क मागायचं कोणाकडे? म्हणून ही इमारत मावशींच्या यादीतच नव्हती. साठेक पोरं राहतात तिथे, आणि कागदावर तिथून कचरा शून्य! ह्याचा मला खरंच राग आला. आम्ही त्या मुलांना बेशिस्त ठरवून मोकळे झालो होतो, त्यांचा कचरा घ्यायला मात्र कोणी जातच नव्हतं.

मालक दुपारी आले. भाड्यातूनच शुल्क द्यायला राजी झाले, पण बराच वेळ घासाघीस करून. जिन्याखाली ओल्या-सुक्याचे दोन ड्रम ठेवायचे आणि फाटकाची एक किल्ली मावशींकडे द्यायची, असं ठरलं. मुलांनी कधीही टाकावं, मावशींनी त्यांच्या वेळेला उचलावं.

मावशींची एक अट होती. ब्लेड आणि फुटकी काच कागदात गुंडाळूनच टाकायची. मुलींच्या मजल्यावर जाऊन त्यांनी स्वतः सांगितलं, की पॅड कागदात बांधा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे वर्गीकरण करताना आम्ही ते उघडत नाही. सॅनिटरी कचरा वेगळा गुंडाळून द्यावा, असं घनकचरा नियमांत 2016 पासून आहेच. पण मावशींनी अंगठ्यावरची जुनी जखम दाखवली तेव्हा एका मुलीने लगेच लाल पेन काढला.

ढीग निम्म्याहून कमी झाला आहे. उरलेला बहुतेक खरकट्याचा, आणि तो शेजारच्या मेसचा आहे असं मावशी म्हणतात. मेसवाल्यांशी उद्या दुपारची पंगत उठल्यावर बोलायचं ठरवलंय. मावशी सोबत येणार आहेत.