तिला द्यायची पुस्तकं

रविवार, रात्रीचे साडेनऊ

दुपारी मामेबहिणीचा फोन आला. तिचा गर्भ गेला, आणि क्युरेटिंग, म्हणजे त्यानंतर गर्भपिशवी साफ करणं, होऊन आज चार दिवस झाले. आधी नुसतीच रडली, मीही काही बोलले नाही. मग नाक पुसून म्हणाली, "ताई, तुझ्याकडे पुस्तकं होती ना यावरची? एखादं दे ना. रात्री झोप लागत नाही आणि मोबाइल उघडला की भलतंसलतंच समोर येतं." संध्याकाळी नवऱ्याला स्कूटरवर पाठवते म्हणाली.

फोन ठेवला आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यापुढे फतकल मारून बसले. सात वर्षांत जमलेली अकरा पुस्तकं. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा टिकले नाहीत. त्यानंतर तीन आययूआय, म्हणजे नवऱ्याचं बीज थेट गर्भपिशवीत सोडणं, आणि एक आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा प्रयत्न. आम्हाला मूल नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण या विषयावरचं काहीही हातात आलं की मी स्वतः आधी शेवटचं पान उघडायचे. हिला झालं का शेवटी? झालं असेल तर पुस्तक मिटून ठेवायचे.

तिला अकराच्या अकरा देऊन चालणार नव्हतं. कुठली द्यायची हे ठरवण्यात सगळी दुपार गेली.

गर्भसंस्काराची तीन पहिल्यांदा बाजूला काढली. ही मी विकत घेतलेली नाहीत. पाळी चुकल्याचं घरात कळल्याबरोबर आत्याने एक दिलं, शेजारच्या काकूंनी सुनेचं जपून ठेवलेलं आणून दिलं, तिसरं कुणी दिलं तेही आता आठवत नाही. सगळ्यांनी मायेनेच दिलं. पण पहिल्या वेळी सगळं संपल्यावर घरात वाचायला तेवढंच होतं, म्हणून मी त्यातच शोधायला गेले. गर्भपात हा शब्द सापडला तो काय टाळावं या प्रकरणात. पपई, अननस, जड उचलणं, प्रवास, जिने, जागरण, मनस्ताप. मी एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. पपई नाही. अननस नाही. जड नाही. जिने... पावागड.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही वडोदऱ्याजवळच्या पावागडला, महाकालीच्या डोंगरावर, गेलो होतो. रोपवेला खूप रांग होती म्हणून पायऱ्यांनी चढलो. दिवस राहिल्याचं नुकतंच कळलं होतं, महाकालीच्या कानावर घालायलाच तर गेलो होतो. खाली उतरल्यावर कचोरी खाल्ली, तुरीच्या ओल्या दाण्यांची, लिलव्याची. नवरा म्हणाला, आत्ता एवढंच असेल ना, लिलव्याएवढं? तेव्हापासून त्याचं नाव लिलवा पडलं. ऑफिसातून फोन करून विचारायचा, लिलवा काय म्हणतोय?

जानेवारीत सोनोग्राफी. तारखेप्रमाणे नववा आठवडा चालू होता. डॉक्टर बोलत नव्हत्या म्हणून मी समोरच्या भिंतीवरची गुजराती पाटी वाचत राहिले, इथे गर्भाचं लिंग सांगितलं जात नाही, परत परत तेवढंच. मग त्या म्हणाल्या, ठोके दिसत नाहीत, वाढ सातव्या आठवड्यापाशी थांबलीय. तिथल्या मुलीने पोटावरची जेली पुसायला टिश्यू दिला. तो इतका पातळ होता की त्याचे तुकडे पोटाला चिकटून राहिले. घरी येऊन आंघोळ करताना एक तुकडा बेंबीपाशी सापडला आणि तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या, आदल्या दिवशी क्युरेटिंग झालं. दुसऱ्या दिवशी सगळं वडोदरा गच्चीवर, लाउडस्पीकर, पतंग कापला की "काप्यो छे"चा गजर. आणि मी गोधडीत तोंड घालून हिशेब करतेय, सातवा आठवडा म्हणजे पावागडानंतर चारच दिवस.

म्हणून ती तीन पुस्तकं तिला द्यायची नाहीत. निरोगी गरोदरपणात त्यांचा उपयोग होत असेल, मी वाद घालत नाही. पण ज्या पुस्तकात गर्भ जाण्याची गोष्ट फक्त "काय करू नये" या यादीत येते, ते पुस्तक गर्भ गेलेल्या बाईला आरोपपत्रासारखं वाटतं. आता मी कुठलंही नवं पुस्तक हातात घेतलं की आधी हेच बघते, हा शब्द कुठल्या प्रकरणात आहे. कारणांच्या प्रकरणात असेल तर पुढे वाचते.

फाइलवर शब्द होता "मिस्ड अ‍ॅबॉर्शन". सासूबाईंनी फाइल वाचली आणि त्यांचा चेहराच बदलला. "अ‍ॅबॉर्शन? म्हणजे पाडून घेतलंस?" त्यांचीही चूक नव्हती. डॉक्टरी भाषेत आपोआप गेलेल्या गर्भालाही तोच शब्द आहे, आणि आपल्या गर्भपातालाही दोन्ही अर्थ चिकटलेत. माझी आजी मात्र म्हणायची, "तिला स्राव झाला." आयुर्वेदात असा भेद आहेच, चौथ्या महिन्यापर्यंत स्राव आणि पाचव्या-सहाव्यात पात. आजीच्या तोंडी तो शब्द शंभरदा ऐकला असेन, पण त्याची किंमत तेव्हा कळली. स्राव झाला म्हटलं की वाहून गेलं एवढंच कळतं, त्यात कुणी पाडल्याचा वास येत नाही.

तिला पाठवायच्या पिशवीत पहिली गेली ती पुस्तक नसलेली वस्तू, सत्तावीस झेरॉक्स पानं. नणंदेची मुलगी तेव्हा मेडिकलला होती. तिने दत्तांच्या प्रसूतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातलं ते प्रकरण झेरॉक्स करून आणलं, माझ्या शेजारी पलंगावर बसली आणि परीक्षेचं समजावतात तसं ओळीओळीने समजावलं. सुरुवातीच्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचीच गडबड असते. बहुतेक वेळा ती बीज तयार होताना किंवा फलन होतानाच झालेली असते, म्हणजे पाळी चुकण्याच्याही आधी. मग थायरॉइड, काबूत नसलेला मधुमेह, गर्भपिशवीचा आकार, रक्तात गुठळ्या करणारी काही अँटीबॉडीज, अशी एकेक कारणं. सगळं वाचून झाल्यावर पानं सारखी करत म्हणाली, "मामी, पावागड नाहीये यात कुठे."

आमच्या वेळी गर्भाची तपासणी केलेली नव्हती. त्यामुळे गुणसूत्रांचंच होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या रात्री झोपले. इतकं कोरडं पुस्तक, त्यात सांत्वनाचं एक अक्षर नाही, आणि मला त्यानेच धीर दिला. दुसऱ्या वेळी सगळे म्हणाले, आता पलंगावरून उठूच नकोस. तेव्हा पुन्हा तीच पानं काढली आणि भाचीला विचारलं. नुसतं पडून राहिल्याने गर्भ टिकतो असं सिद्ध झालेलं नाही, ती म्हणाली. दुसराही गेला. पण या वेळी मी स्वतःला कोर्टात उभं केलं नाही.

त्या पानांवर माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. तशाच राहू दिल्या.

मराठीत काही मिळेल म्हणून मी सेंट्रल लायब्ररीत गेले होते, तेही आज आठवलं. मांडवीजवळची आपली जुनी लायब्ररी. सयाजीरावांनी 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून उभी केलेली, लोखंडी मांडण्यांची, वरचा उजेड खाली झिरपावा म्हणून काचेच्या जमिनीची. लहानपणी आजोबांचं बोट धरून जायचे. त्या दिवशी काउंटरवर वयस्कर गृहस्थ होते. मला शब्दच फुटेना. शेवटी म्हटलं, बाळंतपणावरची पुस्तकं कुठे असतील? त्यांनी मान वर न करता कपाट दाखवलं. गर्भवतीची काळजी, गर्भवतीचा आहार, सुलभ प्रसूती, आणि त्याला खेटून लगेच बाळाचं संगोपन. त्या दोन पुस्तकांच्या मध्ये जिथे माझं पुस्तक असायला हवं होतं, तिथे मी बराच वेळ बोट ठेवून उभी राहिले. याच संस्थानातून पुस्तकांच्या लाकडी पेट्या भरून गावोगावी पाठवायचे, ज्याला लायब्ररीपर्यंत येता येत नाही त्याच्यापर्यंत पुस्तक गेलं पाहिजे म्हणून. आणि शंभर वर्षांनी त्याच लायब्ररीत मला हवं ते पुस्तक नव्हतं. दोष लायब्ररीचा नाही. आपण ते मराठीत लिहिलंच किती?

रिकाम्या हाताने घरी जावंसं वाटेना म्हणून श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' घेतली. शाळेपासून आनंदीबाई आपल्याला माहीत असतात त्या पहिल्या डॉक्टरीणबाई म्हणून, फोटोतल्या. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला, हे शाळेत एका ओळीत उरकतात. या वेळी मी त्या दहा दिवसांपाशी थांबले. पुढे ती मुलगी समुद्र ओलांडून जाते आणि 1886 साली डॉक्टर होते, आणि प्रबंधाला विषय कुठला घेते, तर हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र. हा विषय तिने का निवडला असेल हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. नंतर मी ती कादंबरी विकत घेतली. तीही पिशवीत घातली. मराठी आहे, रात्री अडीच वाजता वाचता येईल अशी आहे.

एक पुस्तक तीनदा आत घातलं आणि तीनदा बाहेर काढलं. एलिझाबेथ मॅक्रॅकन या अमेरिकन लेखिकेचं, 2008 सालचं, 'अ‍ॅन एक्झॅक्ट रेप्लिका ऑफ अ फिगमेंट ऑफ माय इमॅजिनेशन'. फ्रान्समध्ये राहत असताना नवव्या महिन्यात तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं. पोटात असताना त्याला ती दोघं पुडिंग म्हणायची, आणि पुस्तकभर त्याचं तेच नाव आहे. मी ते वाचलं आणि पुस्तक उघडं ठेवून नवऱ्याला हाक मारली. म्हटलं, यांचाही लिलवा होता. तो काही बोलला नाही, पुस्तक घेऊन गॅलरीत गेला. तिला पुढच्या वर्षी दुसरा मुलगा झाला, पण ते ती सुरुवातीलाच सांगून टाकते, शेवटच्या पानापर्यंत आशेला लटकवून ठेवत नाही. म्हणून हे एक मी मिटलं नाही. माझं सगळ्यात जवळचं पुस्तक आहे. तरी आज दिलं नाही. बहिणीचा दहावा आठवडा होता, चार दिवस झालेत, आणि नवव्या महिन्यातही असं होतं ही भीती मी तिच्या मनात आज का घालू? दोन-तीन महिन्यांनी तिने मागितलं तर देईन.

वंध्यत्वावरची चार परत कप्प्यात गेली. ती नंतरची. त्यांच्यावर माझा राग नाही, उलट ऋणच आहे. त्यांतल्याच एकात वाचलं होतं की साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही काही कारण असतं, आणि वीर्यतपासणी सोपी, म्हणून ती सुरुवातीलाच करायची. आम्ही जिथे जात होतो तिथे दोन वर्षं नुसत्या माझ्याच तपासण्या झाल्या होत्या. जगात दर सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलंय. आमच्या घरात मात्र इतकी वर्षं ते एकट्या माझंच होतं.

मग विचार केला, न्यायला तिचा नवराच येतोय, त्याला काय? जॉन कोहेन यांचं 'कमिंग टू टर्म' काढलं. ते विज्ञानपत्रकार आहेत. बायकोचे चार गर्भ गेल्यावर, हे का होतं याचा शोध घेत त्यांनी 2005 मध्ये हे लिहिलं. पुरुषाने लिहिलेलं एवढं एकच माझ्याकडे आहे. उपचारांचा भाग आता जुना झालाय, तो डॉक्टरांनाच विचारावा. पण लागोपाठ तीन गेल्यानंतरही निम्म्याहून जास्त बायकांना पुढे मूल होतं, हे तिथे मला नीट आधारासकट वाचायला मिळालं.

खुणेसाठी त्यात एक चिठ्ठी घातली. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020, कलम 65, म्हणजे नोव्हेंबर 2025 पर्यंतचं प्रसूती लाभ कायदा, 1961 मधलं कलम 9. गर्भ गेल्यावर सहा आठवडे पगारी रजा, डॉक्टरांचा दाखला जोडायचा. हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. माझ्या ऑफिसात मला सिक लीव्ह टाकायला सांगितलं होतं. ती संपत आली होती, म्हणून सहाव्या दिवशी मी कामावर होते, आणि लिफ्टमध्ये शेजारच्या टेबलवाल्या बेन हसून विचारत होत्या, "शुं नवाजूनी?" काय नवीन? मी म्हटलं, काही नाही. बहिणीने तरी सहा आठवडे घरी राहावं.

तिचा नवरा साडेसातला आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. पाणी प्यायला, पिशवी घेतली, चप्पल घालता घालता थांबला. माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाला, "दादा, तुम्ही तेव्हा काय वाचलं होतंत?"

नवऱ्याने गेल्या सात वर्षांत लिलव्याचं नाव माझ्याशिवाय कुणाजवळ काढलेलं नाही. तो उठला, म्हणाला, चल, खाली सोडतो तुला.

आता साडेनऊ वाजून गेलेत. मधे बहिणीचा मेसेज आला, निघाला का गं? गॅलरीतून बघून आले. हेल्मेट सीटवर आहे, पिशवी हुकला अडकवलेली आहे, आणि दोघं फाटकापाशी उभे आहेत. नवरा बोलतोय.

तिला लिहिलं, अजून नाही. जेवून घे.